तान्ह्यांचा वॉर्ड हलवताना

तिला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर 'ताई'. तान्ह्या बाळांच्या अतिदक्षता वॉर्डाची ती मुख्य सिस्टर. वॉर्डाच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या बाळाची सलाईन संपत आलेली तिला दिसते, अशी तिची ख्याती होती. नवी सिस्टर रुजू झाली की जुन्या तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवायच्या, "बाई गं, तिच्याकडे पाठ करून जांभई दिलीस तरी तिला दिसेल." या थट्टेत माया होती. तिच्या पाळीत एखादं बाळ दगावलं तर ती त्या दिवशी घरी जाऊन जेवत नाही, हेही त्याच सिस्टर एकमेकींना सांगायच्या.

घरीही तीच तऱ्हा. "दूध ठेवलंय, जरा बघा," असं नवऱ्याला सांगायची आणि तो ओट्याशी जाऊन उभा राहिला की केस विंचरता विंचरता स्वतःच येऊन बघायची. नवरा शाळेत कारकून, स्वभावाने गरीब. तो म्हणायचा, "मी दुधाकडे बघतोय, तू माझ्याकडे बघतेयस. एवढा बंदोबस्त बघून दूध बिचारं उतू जायलाही घाबरत असेल." ती हसायची, पण तिथून हलायची नाही.

अशा बाईवर मोठ्या डॉक्टरांनी वॉर्ड हलवायचं काम टाकलं.

जुना वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. भिंतींना ओल आलेली, वायरिंग जुनाट. मधूनच दिवे लुकलुकायचे आणि वॉर्डातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा, कारण यंत्रं बॅटरीवर जायची आणि बॅटऱ्यांचाही भरवसा उरला नव्हता. शेजारी नवी इमारत उभी राहिली होती. दोन्ही इमारतींना जोडणारा लांबलचक, बंद कॉरिडॉर होता. वॉर्ड तिकडे न्यायचा, एवढंच काम. अशा कामांसाठी हॉस्पिटलात व्यवस्थापकाची एक जागा होती खरी, पण ती कधी भरलीच नव्हती आणि त्या खुर्चीवर फायलींनी बस्तान मांडलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हीच बघा. वॉर्डातलं तुम्हाला माहीत नाही असं काय आहे?"

ती सुखावली. कोण सुखावणार नाही? "हो सर," म्हणून मोकळी झाली. वॉर्ड चालवणं वेगळं आणि वॉर्ड हलवणं वेगळं, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना तिच्या. उत्तम पोहणाऱ्याला कुणी होडी बांधायला सांगत नाही. पण नोकरीत हे रोज घडतं आणि कुणाला त्याचं नवलही वाटत नाही.

बहुतेक बाळं हलवणं अवघड नव्हतं. ती वजन वाढायची वाट बघत पडलेली, दूध पिणारी, वेळेवर रडणारी होती. प्रश्न होता खिडकीजवळच्या काचपेटीतल्या मुलीचा. ती फारच लवकर जन्माला आली होती. तिचा श्वास व्हेंटिलेटर घेत होता आणि तिच्या घशातली नळी पेनाच्या रिफिलपेक्षा जाड नव्हती. सिस्टर तिला 'मुंगी' म्हणायच्या. ती नळी जरा सरकली, ऑक्सिजन थोडा वेळ जरी तुटला, तरी मुंगी जाणार होती. बालरोगाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हिला हलवण्यात धोका आहे. पण इथे ठेवण्यात जास्त आहे. एक दिवस वीज जाईल आणि बॅटरी साथ देणार नाही." म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. मुंगीची आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायची. बाळाला हात लावायची परवानगी मिळाली की उठायची, परत येऊन बसायची. फारसं बोलायची नाही.

दुर्बिणीने काम सुरू केलं ते आपल्या पद्धतीने, म्हणजे सगळं स्वतः. ऑक्सिजनच्या पाइपांसाठी फिटर तिला विचारायचा, इलेक्ट्रिशियन तिला विचारायचा, औषधांची कपाटं कुठे लावायची हे सुतार तिला विचारायचा, आणि सफाईवाल्या मावशीही फिनेल कुठे ठेवू म्हणून तिच्याचपुढे उभ्या. फोन कानाला, एक डोळा बाळांवर. सांगितलेलं काम झालं का ते बघायला ती स्वतः कॉरिडॉर ओलांडून जायची. तोवर इकडे चार माणसं तिची वाट बघत ताटकळत उभी. प्रत्येकजण म्हणायचा, "ताई सांगतील." आणि ताई सांगेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचा. कपाटं लागली, पण इतकी उंच की ठेंगण्या सिस्टरला वरच्या कप्प्यातली सुई काढायला स्टूल लागावं. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, "ताईंनी हाताने दाखवलं तेवढ्यावर लावलं." ताई उंच होत्या.

दिवस सरत होते, काम तसूभर पुढे जात नव्हतं, आणि जुन्या वॉर्डातले दिवे मात्र नेमाने लुकलुकत होते. एका दुपारी ते जरा जास्तच वेळ गेले. मुंगीच्या यंत्राची बॅटरी कशीबशी टिकली, पण तेवढ्या वेळात दुर्बिणीच्या कपाळावर घाम फुटला. दिवे आल्यावर ती सिस्टरांच्या खोलीत जाऊन बसली. मागोमाग धाकटी आली.

धाकटी म्हणजे वॉर्डातली दुसऱ्या नंबरची सिस्टर. वय चाळिशीच्या पुढे, घरी तरुण मुलं, तरी वॉर्डात ती धाकटीच, कारण दुर्बीण थोरली. आजवर ती कधी उलट बोलत नसे. आज मात्र दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ताई, रागावू नका. पण सगळं तुमच्या डोक्यात आहे. संध्याकाळी तुम्ही ते डोकं घेऊन घरी जाता. मग आम्ही काय करायचं?"

दुर्बिणीला राग आलाच. तोंडात आलं होतं, तुम्ही केलं असतं तर मला करावं लागलं असतं का? पण नुकतीच ती बॅटरीकडे बघत उभी राहिली होती, आणि तेव्हा तिच्या मनात दुसरंच काही आलं होतं. नेमकी आत्ता मी कॉरिडॉरच्या त्या टोकाला असते तर? तिने राग गिळला. "मग काय करू म्हणतेस?"

"वाटून द्या. आणि दिलं की दिलं."

बोलायला सोपं. दुर्बिणीला ते करताना दात काढून दिल्यासारखं वाटलं. पण तिने दिलं. पाइपांचं फिटरकडे, आणि ते पूर्ण झालं हे त्यानेच येऊन सांगायचं, तिने विचारायला जायचं नाही. कपाटं ठेंगण्या सिस्टरकडे, कारण तिचा हात पोचला तर सगळ्यांचा पोचेल. नवा वॉर्ड मांडायचा आणि त्या दिवशी तिथे उभं राहून बाळं घ्यायची, हे धाकटीकडे. सगळ्यांना एकत्र उभं करून ती म्हणाली, "आपल्या वॉर्डात बाळाला नळी घालताना कुणी 'थांबा' म्हटलं की काय करतो?"

"हात थांबवतो," ठेंगणी म्हणाली.

"का म्हणून विचारतो?"

"नंतर विचारतो."

"हलवतानाही तेच. कुणीही 'थांबा' म्हणू शकतं. मावशीसुद्धा. म्हटलं की थांबायचं, आणि का ते नंतर विचारायचं."

मावशींनी पदर सावरला आणि आजूबाजूला बघून घेतलं. हॉस्पिटलात त्यांना आजवर कुणी थांबवायचा हक्क दिला नव्हता, हला म्हणायचे तेवढे सगळे.

मग त्यांनी रंगीत तालीम घेतली. काचपेटीत साखरेची पिशवी ठेवली, तिला नळी चिकटवली, आणि सगळा लवाजमा कॉरिडॉरमधून निघाला. मोठ्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि हसून विचारलं, "साखरेची तब्येत कशी आहे?" पण जिथे दोन इमारती जोडल्या होत्या तिथल्या पट्टीवर पेटीचं चाक अडकलं, पेटीला हिसका बसला आणि नळी निघून आली. मावशी हळूच म्हणाल्या, "थांबा." थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण हक्क होता तर वापरून घेतला. सुताराने ती पट्टी तासून सपाट केली.

एक गोष्ट मात्र दुर्बिणीने कुणाला दिली नाही. नव्या वॉर्डात बाळं जायच्या आधी शेवटची फेरी मारायची, सगळं ठीक आहे ना ते बघायचं, हे तिने स्वतःकडे ठेवलं. धाकटी म्हणाली होती, "दोघी मारू." ती म्हणाली, "तेवढं माझं मला करू दे." एवढं सगळं सोडल्यावर काहीतरी आपल्या मुठीत असावं असं तिला वाटलं. माणसाचा स्वभाव एकदम थोडाच जातो.

आता एका डब्याबद्दल सांगायला हवं. नव्या वॉर्डाच्या दाराशेजारी भिंतीवर एक डबा होता. पाइपांमधला ऑक्सिजनचा दाब तो दाखवायचा, आणि दाब उतरला की तांबडा दिवा लागून कर्कश वाजायचा. फिटरचं काम चालू असताना नळ्या सारख्या उघडबंद व्हायच्या, म्हणून तो दिवसभर केकाटत असे. त्याच्यावर आवाज बंद करायचं बटण होतं. येणाऱ्याजाणाऱ्याने ते दाबायचं आणि पुढे जायचं, अशी सवयच पडून गेली. त्यातून सिस्टर लोकांची बोटं अलार्म बंद करायला शिकलेलीच असतात. वॉर्डात दिवसभर काही ना काही वाजत असतं, आधी आवाज बंद करायचा मग बाळाकडे बघायचं, हा त्यांचा हातखंडा. फक्त नव्या वॉर्डात बघायला बाळ नव्हतं. त्यामुळे बटण दाबणं तेवढं उरलं होतं.

हलवायचा दिवस उजाडला. मोठ्या डॉक्टरांनी चार बड्या लोकांना बोलावून ठेवलं होतं. नव्या वॉर्डाचं कौतुक बघायला. सकाळी दुर्बीण शेवटच्या फेरीला निघाली. कानाला फोन, फोनवर मोठे डॉक्टर, पाहुण्यांना कुठे उभं करायचं हे विचारत होते. खाटा बघितल्या, दिवे बघितले, बेसिनचे नळ सोडून बघितले. निघताना दाराशी डबा वाजायला लागला. "हो सर, डाव्या बाजूला उभे राहू देत," म्हणत तिने अंगठ्याने बटण दाबलं आणि बाहेर पडली. तिच्या हे लक्षातही राहिलं नाही. दारातून आत येणाऱ्या धाकटीने ते पाहिलं, पण ताईंनी दाबलंय म्हणजे ताईंनी बघितलंय, असं समजून तीही पुढे गेली.

नव्या इमारतीत, या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर, दुसऱ्या वॉर्डाचं काम चालू होतं. तिथल्या माणसांनी ऑक्सिजनच्या पाइपाला नवा फाटा जोडायला म्हणून एक व्हॉल्व्ह अर्धवट बंद केला होता. फिटरला कुणी सांगितलं नाही.

पहिली बाळं सुखरूप गेली. त्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यामुळे पाइपात काय आहे नि काय नाही याचा पत्ता लागायचं कारण नव्हतं. मग थोडा ऑक्सिजन लागणारी दोन बाळं गेली. सगळं ठरलं होतं तसंच. दुर्बीण जुन्या वॉर्डातून एकेक पेटी रवाना करत होती, आणि दर खेपेला पलीकडे धावत जाऊन बघण्याची उबळ दाबत होती. तिकडे धाकटी आहे, असं स्वतःला बजावत होती. सगळ्यांत शेवटी मुंगी.

मुंगीबरोबर ती स्वतः निघाली. छोट्या पेटीवर फिरतं व्हेंटिलेटर, खाली सिलेंडर, एका बाजूला बालरोगाचे डॉक्टर, पुढे मावशी वाट मोकळी करायला. दुर्बिणीचा एक हात पेटीच्या झरोक्यातून आत, बाळाच्या गालाशी, नळीवर. बाकावरून मुंगीची आई उठली आणि काही अंतर ठेवून मागोमाग चालू लागली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

पट्टी ओलांडली. चाक अडकलं नाही. नव्या वॉर्डाचं दार दिसायला लागलं, त्याच्याशी उभे असलेले पाहुणे दिसले, मोठे डॉक्टर दिसले. आणि दारातून धाकटी बाहेर आली. हात आडवा धरून म्हणाली, "थांबा."

सगळे जागच्या जागी थांबले. सिलेंडरची शीळ तेवढी ऐकू येत होती.

"काय झालं?" मोठे डॉक्टर म्हणाले. "या, या सिस्टर. दाब थोडा कमी दाखवतोय, खाटेजवळ सिलेंडर लावून घेऊ. घ्या आत."

"आत आणू नका," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "पाइपात दाब नाही, आतल्या दोन्ही बाळांना सिलेंडर लावलेत. तिसरा मोठा सिलेंडर आत नाहीये. ताई, परत जा."

मोठे डॉक्टर खवळले. पाहुण्यांसमोर दुसऱ्या नंबरच्या सिस्टरने त्यांचा शब्द मोडावा, हे त्यांच्या कारकिर्दीत झालं नसेल. "सिस्टर, मी सांगतोय ना? पुढे या."

दुर्बीण मधोमध उभी. आयुष्यात तिने कुणाच्या सांगण्यावरून काही केलं नव्हतं; स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मगच पाऊल उचलायचं. तो डबा, ते पाइप बघायला दार पाच-दहा पावलांवर होतं. पण तिचा हात नळीवर होता. तो काढून ती जाऊ शकत नव्हती, आणि इथे थांबावं तर सिलेंडर संपत होता. मुंगीचे ओठ बघितले. अजून गुलाबी होते. धाकटीच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं, नेहमी धाकटीने काय चुकवलंय तेच बघितलं होतं. दुर्बीण घाबरली होती, चांगलीच घाबरली होती.

"वळवा," ती म्हणाली.

पेटी मागे वळली. "सिस्टर!" असा आवाज पाठीवर आला, त्याला तिने उत्तर दिलं नाही. चालायचं, पण पळायचं नाही. पळालं की पेटी हिसकते. कॉरिडॉर संपता संपेना. वळताना मुंगीची आई भिंतीला टेकलेली दिसली, आणि मग ती भिंतीवरून घसरत खाली बसली. दुर्बिणीला ती दिसली. पण हात गुंतलेले, लक्ष नळीवर, ती तिच्या शेजारून निघून गेली. कुणीच थांबलं नाही.

जुन्या वॉर्डात मुंगीची जागा मोडायची नाही, पलीकडून निरोप येईपर्यंत, असं ठरलं होतं. ते ठेंगण्या सिस्टरकडे होतं. वस्तुभांडाराची माणसं मॉनिटर काढायला येऊन उभी होती, आणि ठेंगणी त्यांच्या नि यंत्राच्या मध्ये स्टूल टाकून बसली होती. "मला उचलून न्या आधी," असं तिने त्यांना सांगितलं होतं. पेटी आत येताना दिसली तशी ती उडी मारून उठली. नळी जुन्या व्हेंटिलेटरला जोडली. मॉनिटरवरचा आकडा खाली घसरला होता, तो तिथेच रेंगाळला, आणि मग हळूहळू चढायला लागला. बालरोगाचे डॉक्टर भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. खालच्या सिलेंडरचा काटा जवळजवळ तळाला गेला होता.

पाहुणे गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना नव्या वॉर्डात बोलावलं. वरचा व्हॉल्व्ह सापडला होता. फिटर घामाघूम झालेला. त्याला मोठे डॉक्टर म्हणाले, "दाब उतरला तर हा डबा वाजायला पाहिजे होता. दिवा तांबडा आहे, आवाज बंद. कुणी बंद केला?"

फिटर म्हणाला, "साहेब, मी आज हातच लावला नाही."

धाकटी खाली बघत होती. दुर्बिणीने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला अंगठ्याखालचं ते बटण आठवलं. डाव्या बाजूला उभे राहू देत. धाकटीला माहीत आहे, हेही कळलं, आणि ती सांगणार नाही, हेही.

"मी केला," दुर्बीण म्हणाली. "सकाळी, तुमच्याशी बोलत असताना."

"तुम्ही?" मोठ्या डॉक्टरांना खरंच धक्का बसला. "अहो, तुमच्या भरवशावर तर सगळं सोडलं होतं."

"तेच चुकलं, सर. सगळ्यांवर कुणी ना कुणी लक्ष ठेवायला होतं, माझ्यावर कुणी नव्हतं. मीच ठेवू दिलं नाही."

रागवायला मोठे डॉक्टर तयारच होते, पण राग कुणावर काढायचा हे चटकन ठरेना. फोन त्यांचाच होता. शेवटी म्हणाले, "मग आता कधी?"

"ते धाकटी सांगेल."

हे सगळं झालं आणि ती बाहेर आली, तेव्हा ऊन उतरलं होतं. कॉरिडॉरमध्ये, त्याच भिंतीशी, मुंगीची आई अजून जमिनीवर बसलेली होती. शेजारी मावशी. मावशी हताश होऊन म्हणाल्या, "कितीदा सांगितलं हिला, बाळ ठीक आहे. ऐकतच नाही."

आईने मान वर केली. डोळे कोरडे होते, ते बघून दुर्बिणीला जास्त भीती वाटली. "सिस्टर, खरं सांगा," ती म्हणाली. "गेली ना ती? दारापर्यंत नेली आणि परत फिरवली. मेलेल्यालाच परत फिरवतात."

दुर्बिणीने फिटरला सांगितलं होतं, सुताराला सांगितलं होतं, फिनेल कुठे ठेवायचं हे मावशींना सांगितलं होतं. साखरेच्या पिशवीला कॉरिडॉरमधून फिरवून आणलं होतं. या बाईला कुणी एक शब्द सांगितला नव्हता. ती दिसत नव्हती असं नाही. रोज बाकावर होती. दुर्बिणीला वॉर्डाच्या टोकाची सलाईन दिसायची, आणि ही दिसली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

"ऊठ," ती म्हणाली. "आधी बघून घे."

तिने तिला हात धरून आत नेलं, काचेशी उभं केलं. मुंगीची छाती यंत्राच्या तालावर वरखाली होत होती. आईने पेटीवर कपाळ टेकलं आणि मग ती रडली. दुर्बीण शेजारी उभी राहिली. रडणं ओसरल्यावर दोघी बाकावर बसल्या आणि दुर्बिणीने तिला पहिल्यापासून सांगितलं. पेटी कशी जाते, नळी कोण धरतं, सिलेंडर किती पुरतो, 'थांबा' म्हणजे काय, आज धाकटी का थांबा म्हणाली, आणि डब्याचं बटण कुणी दाबलं. काही लपवलं नाही. शेवटचं सांगताना आई आपल्याला बोल लावेल, अशी तिची खात्री होती. लावले असते तरी तिने ऐकून घेतले असते.

आईने विचारलं, "पुन्हा नेताना मी कुठे उभी राहू?"

सगळ्यांच्या जागा ठरल्या होत्या, पाहुण्यांचीसुद्धा, तिची तेवढी नव्हती. दुर्बीण म्हणाली, "पेटीच्या उशाशी. डॉक्टर पलीकडे सरकतील."

धाकटीने दिवस ठरवला. वरच्या मजल्यावरचं काम बंद करून व्हॉल्व्हला कुलूप लावलं, डब्यासमोर एक सिस्टर नुसती बघायला उभी केली, मोठे सिलेंडर आत आणून ठेवले. शेवटची फेरी दोघींनी मारली, आणि फोन खिशातच राहिला. पाहुणे बोलावले नव्हते. मोठे डॉक्टर आले आणि भिंतीशी गुपचूप उभे राहिले.

पेटी निघाली. उशाशी आई, तिचा तळवा काचेवर. दुर्बिणीचा हात नळीवर. पट्टी ओलांडली. दार दिसायला लागलं, आणि दारातून धाकटीचा आवाज आला, "थांबा."

पेटी थांबली. पुन्हा? दुर्बिणीने आधी मुंगीकडे बघितलं आणि लगेच आईकडे. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. आता ही कोसळणार, आणि माझा हात मोकळा नाही, असं दुर्बिणीला वाटलं. भिंतीशी उभे असलेले मोठे डॉक्टर न राहवून पुढे आले. "आता काय झालं? सिस्टर, चला ना आत, असं मध्ये उभं राहून..."

"थांबा म्हणाल्यात ना त्या," आई म्हणाली. तिचा तळवा काचेवरून हलला नव्हता. "मग थांबायचं. सिलेंडर भरलेला आहे, मी बघितलाय."

मोठे डॉक्टर थांबले. सगळे उभे होते. आत खाट सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी काहीतरी ओढलं, पुसलं.

"या," धाकटी म्हणाली. "खाटेखाली पाणी सांडलं होतं. पुसलं."

आईने दुर्बिणीकडे पाहिलं. दुर्बिणीने मान हलवली. मग आईच म्हणाली, "चला सिस्टर," आणि पेटी आत गेली.